डंकाची मोटार आणि बिराप्पाचं हँडल

आमच्या घरात मोटार आली ती मिरचीपायी.

म्हणजे रस्त्यावर चालवायची मोटार नव्हे. वडूजच्या ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाच्या दारात तसली मोटार उभी राहण्याचा योग १९९४ साली तरी नव्हता. ही विजेची मोटार. दोन हॉर्सपॉवरची, हिरव्या रंगाची, डंक फिरवण्यासाठी आणलेली. डंक म्हणजे लोखंडी उखळीत लोखंडी मुसळं वरखाली आपटून मिरची कांडणारं यंत्र. आमच्या भागात उन्हाळ्यात वर्षाची चटणी, म्हणजे मसाल्याचं तिखट, त्यावरच होते, आणि ज्या घरात वर्षाची चटणी भरलेली नाही त्या घरात पाहुणा दुसऱ्यांदा येत नाही.

डंक घालायची कल्पना माझी बायको विजयमाला हिची. गावातल्या डंकावर आमच्या बौद्ध वस्तीतल्या बायका सकाळी सातला डबे रांगेत लावायच्या आणि त्यांचा नंबर लागायचा दुपारी तीनला. "ह्यांचं मागनं घेऊ," असं डंकवाला म्हणायचा, तेही अगदी गोड आवाजात. मागनं का, ते कोणी विचारत नसे, कारण सगळ्यांना माहीत होतं. त्या वर्षी विजयमालाने विचारलं. डंकवाला म्हणाला, "वैनी, तुमच्या मिरचीला वास उग्र असतो." पुढच्या डब्यातली आणि हिच्या डब्यातली मिरची आदल्या दिवशी बाजारात एकाच ढिगातून घेतलेली होती. बाईने डबा उचलला, घरी आली, मिरच्या पुन्हा गच्चीवर पसरल्या आणि मला म्हणाली, "अहो, तुम्ही कॉलेजात मोटारी शिकवता ना? मग एक घरी आणा."

नवऱ्याच्या शिक्षणाचा घरात काही उपयोग होऊ शकतो, ही शंका तिच्या मनात लग्नानंतर प्रथमच आली होती. मी भारावून गेलो. माझं पुढचं सगळं वागणं त्या भारावलेपणात झालं, हे कृपया ध्यानात ठेवावं.

डंकाचा सांगाडा साताऱ्यात जुना मिळाला. मोटारीसाठी मी सांगलीला गेलो. तिथे जुन्या लोखंडाच्या बाजारात नानासो म्हणून एक व्यापारी आहे, फार सज्जन माणूस. (हे मी आज म्हणतोय. मधले काही दिवस मी त्याला दुसरंच काही म्हणत होतो.) बंद पडलेल्या एका सूतगिरणीचा माल त्याच्याकडे आला होता, आणि त्या ढिगात ती हिरवी मोटार होती. जड, तांब्याच्या तारेची, पितळी पाटीवर अक्षरं कोरलेली. भाव नव्या मोटारीच्या निम्म्याहून कमी.

"सर, ती नगा घिऊ," नानासो म्हणाला. "ती डीशी हाय. घरच्या लायटीवर चालत न्हाई. म्हणून तर पडून हाय."

"नानासो," मी चष्मा सारखा करत म्हणालो, "डीसी मोटार हा माझा विषय आहे. अकरा वर्षं शिकवतोय."

"शिकवता व्हय? मग मिटलंच की!" नानासोने आदराने माझ्याकडे पाहिलं. "पर हिच्यासंगं एक हँडलाची पेटी असायची. ती काय आली न्हाई."

"पेटीबिटी काही लागत नाही," मी म्हणालो.

माणसाच्या आयुष्यात काही वाक्यं अशी असतात की ती परत घेता आली असती तर त्याने पेन्शन सोडली असती. असो.

मोटार एस.टी.ने आली. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं आणि "मोटारीत मोटार निघाली" हा विनोद विट्यापर्यंत प्रत्येक स्टॉपवर चढणाऱ्या प्रत्येक माणसाला ऐकवला. विट्याला गाडी बदलताना मोटार माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर उतरली. तो अंगठा पुढे मे महिन्यात बरा झाला.

आता लालासाहेबांबद्दल सांगायला हवं. ते आमचे शेजारी. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सिग्नलमध्ये होते, त्यामुळे जगातली कुठलीही तार ही आपली तार, असं ते मानतात. घरातली एसी वीज डीसी करायला मी चार मोठे डायोड आणून ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसवले, तेव्हा पत्रा धरायला तेच होते. शेवटी त्यांनी आमचा फ्यूज उघडून पाहिला आणि आतल्या केसासारख्या तारेकडे बघून त्यांना दया आली.

"मास्टर, ये क्या लगाया है? आवं, फ्यूज ऐसा बांधो कि दुश्मन उड जाए, फ्यूज न उडे!"

आणि त्यांनी स्वतःच्या घरून आणलेली, सुतळीच्या जाडीची तांब्याची तार फ्यूजमध्ये गुंडाळली. मी ती तशीच राहू दिली. वडीलधाऱ्या माणसाचा उत्साह मोडू नये, हे आमच्यावरचे संस्कार.

रविवारी सकाळी मुहूर्त. विजयमालाच्या महिला मंडळातल्या पाचजणी आल्या. रस्त्यापलीकडच्या धनगरवाड्यातली रंगुबाई आपल्या मिरच्यांचं पोतं घेऊन आली. तिच्या लेकीचं, अंजनाचं, लग्न पंधरा दिवसांवर होतं आणि लग्नाची सगळी चटणी आमच्या डंकावर करायचं तिने ठरवलं होतं. "वैनी, पयलं पोतं माझं," असं तिने चार बायकांत सांगितलं होतं. नारळ फुटला. मी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली आणि बटण दाबलं.

पुढे काय झालं ते शास्त्रीय क्रमाने सांगतो. मोटार बैल उधळावा तशी जागेवरून उडाली, कारण तिला बोल्टने आवळायचं राहिलं होतं. पट्टा निसटला आणि दोरीवर वाळणारा लालासाहेबांचा बनियन घेऊन गेला. दोन डायोड धारातीर्थी पडले. आमचा फ्यूज, सुतळीएवढ्या तारेमुळे, हूं की चूं न करता शाबूत राहिला. त्यामुळे तो सगळा धक्का तसाच पुढे खांबावर गेला आणि खांबावर एक निळा गोळा फुटला. वस्तीतल्या वीसेक घरांत रविवारची टीव्हीवरची मालिका अगदी ऐन जागी बंद पडली. मोटार फरशीवर धडाधडा नाचत असल्याने लालासाहेब "भूकंप! बाहर निकलो!" असं ओरडत धावले. कोयनेच्या धक्क्यांवर वाढलेली माणसं आम्ही. दोन मिनिटांत सगळी वस्ती लेकराबाळांसह रस्त्यावर उभी. एका घरातून जेवणाचं ताट तेवढं बाहेर आलं होतं, आणि ते धरणारा माणूस उभ्याउभ्या जेवत होता.

त्या गर्दीत उभं असताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच वहीचं पान आलं. "स्टार्टरची आवश्यकता. चार गुण. अधोरेखित करा." फिरणारी मोटार स्वतःच थोडी उलटी वीज तयार करते आणि येणाऱ्या विजेला आतून अडवते. उभी मोटार काहीच अडवत नाही, त्यामुळे पहिल्या क्षणी ती नेहमीच्या दसपट, पंधरापट प्रवाह ओढते. म्हणून सुरुवातीला वाटेत रोध घालायचा आणि मोटार वेग घेईल तसा तो हळूहळू काढून घ्यायचा. ते काम स्टार्टर करतो. अकरा वर्षं, वर्षातून एकदा, दोन तुकड्यांना मी हे उतरवून देत आलो होतो.

"हिला काय झालं?" विजयमालाने विचारलं.

"स्टार्टर लागतो हिला."

"हे तुम्हाला आधी माहीत नव्हतं?"

"माहीत होतं."

"मग?"

या "मग"चं उत्तर फिजिक्समध्ये नाही.

दुसऱ्या दिवशी वीज कचेरीतून बोलावणं आलं. धंद्यासाठी मोटार बसवायची तर अर्ज हवा, हे तिथे कळलं. अर्ज होता तीन पानी. कारकून मोठे शांत गृहस्थ होते.

"मोटार सिंगल फेज की थ्री फेज?"

"डीसी."

त्यांनी अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "रकाना नाही."

"पण मोटार आहे."

"मोटार असेल हो. रकाना नाही ना."

ते अर्ज घेऊन दुसऱ्या टेबलावर गेले, दुसऱ्या टेबलावरचे तिसऱ्यावर. तिसऱ्यावरून सगळे मिळून साहेबांकडे. केबिनमधले साहेब मला पाहून ताडकन उठले आणि पाया पडले. सूरज! चार वर्षांपूर्वी... छे, नऊ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायचा. मला धन्य वाटलं. आपला विद्यार्थी खुर्चीवर पाहण्यासारखं सुख नाही. त्याने दंडाचा विषयच काढला नाही, चहा मागवला, "इतर" असा नवा रकाना स्वतःच्या हाताने आखून दिला आणि त्याखाली शेरा लिहिला: "योग्य स्टार्टर बसवल्याशिवाय मोटार सुरू करू नये."

मग जरा लाजून म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं होतं. चार मार्काला यायचं."

चहा फार गोड होता.

साताऱ्यात स्टार्टर शोधायला गेलो तर दुकानदार सगळे एसीचे दाखवत. एका म्हाताऱ्या दुकानदाराने "डीसीचा?" असं विचारून माझ्याकडे अशा काही प्रेमाने पाहिलं, जणू मी टांग्याचं चाक मागायला आलोय. नवा करून घ्यायचा तर पुण्याला ऑर्डर, दोन महिने.

तेव्हा लालासाहेबांनी पाण्याचा स्टार्टर सुचवला. ही युक्ती खोटी नाही, पुस्तकात आहे. मिठाच्या पाण्यात दोन पत्रे सोडायचे. पत्रे एकमेकांपासून लांब असले की वीज थोडी जाते. जवळ आणत गेलं की वाढत जाते. गेलेले दोन डायोड मी साताऱ्याहून नवे आणले होते. मोठं भांडं हवं होतं. विजयमाला मंडळाच्या बैठकीला गेली होती. मोरीत तिच्या माहेरचं पितळी घंगाळ होतं.

मी खरं सांगतो, मोटार सुरू झाली! मी लाकडी पट्टीने पत्रा इंच इंच पुढे ढकलत होतो आणि हिरवी मोटार आळस देत उठली, फिरली, वेग घेऊ लागली. लालासाहेबांनी सॅल्यूट ठोकला. माझे डोळे भरून आले. मग लक्षात आलं की ते आनंदाने भरलेले नाहीत. डीसी वीज मिठाच्या पाण्यातून गेली की क्लोरीन वायू सुटतो; हा धडा केमिस्ट्रीचा असल्याने माझ्या विभागात येत नव्हता. पाणी फेसाळून हिरवं पडलं, लालासाहेब खोकत अंगणात गेले, आणि रंगुबाई, जी आपली मिरची कुठवर आली ते बघायला आली होती, दारातूनच म्हणाली, "सर, पान्याच्या टाकीत पावडर टाकल्यावानी वास येतुया. चटणीला लागायचा न्हाई न्हवं?"

विजयमाला परतली तेव्हा घंगाळाच्या तळाशी अर्ध्या हाताचा खड्डेदार डाग पडला होता. ती चिंच घेऊन घासत बसली. बायको ओरडत असली की घर चालू आहे असं समजावं. घासता घासता ती म्हणाली, "रंगुबाईच्या अंजनाचं लग्न अकरा दिवसांवर आलं. आभाळ रोज भरून येतंय, एक वळीव पडला तर मिरच्या काळ्या पडतील. मी उद्या सगळ्यांची पोती घेऊन गावातल्या डंकावर जाते. थांबीन तीन वाजेपर्यंत."

तिने ते रागाने म्हटलं असतं तर मी भांडलो असतो. ती नुसती दमली होती.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "दोनच."

मी पहाटेच्या गाडीने सांगली गाठली ती मोटार परत घ्या म्हणायला. नानासोने सगळं ऐकलं. हसला नाही, हे त्याचे उपकार. "परत घिऊन म्या तरी काय करू, सर? पर त्या पेटीचं सांगू का? मिलमधी बिराप्पा म्हणून हँडलवाला हुता. बावीस वरसं त्येच काम. खरसुंडीच्या अलीकडं वाडी हाय त्याची. मिल बंद पडली, आता मेंढरं राखतो. पेटी कुठं गेली, ठावं आसंल तर त्यालाच." त्याने चिठ्ठी दिली, चहा पाजला आणि स्टँडवर येऊन मला आटपाडीच्या गाडीत बसवून दिलं.

बिराप्पा बाभळीखाली बसला होता. साठीचा, काटक, डोक्याला लाल पटका, मांडीवर लोकर. मी ओळख सांगितली, मोटारीचं सांगितलं. त्याने मान वर न करता विचारलं, "हिरवी हाय का?"

"हो."

"पाटीवर चारशे अकरा नंबर?"

मी डायरी काढून पाहिलं. चारशे अकराच होता.

"डाव्या अंगाला जरा कुरकुरती?"

"कुरकुरते."

त्याच्या हातातली लोकर थांबली. "मला वाटलं, वितळवली आसंल तिला," तो म्हणाला. मग उठून आत गेला.

आतून त्याच्या बायकोचा, सुलाबाईचा, आवाज आला. "आवं, दुधावरचं काढू नगा, मांजर तोंड घालतंय!" बिराप्पा बाहेर आला तो काळी लोखंडी पेटी छातीशी धरून. मिल बंद होताना लोकांनी पंखे नेले, खुर्च्या नेल्या; ह्याने साहेबाकडे ही पेटी मागितली होती. साहेबाने हसून देऊन टाकली. तेव्हापासून सहा वर्षं ती दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर वजन म्हणून बसली होती. पुढे पितळी बटणांची अर्धगोल ओळ, त्यावरून सरकणारं हँडल, शेवटी एक लहानसा विद्युतचुंबक. हाच तो स्टार्टर; त्याची आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढत होतो. प्रत्यक्ष आयुष्यात प्रथमच पाहत होतो.

"न्या की," सुलाबाई म्हणाली, "पर मला त्याच्या बदली एक धोंडा हुडकून द्या."

एम.एस्सी. झालेला माणूस मग अर्धा तास माळावर पातेल्याच्या मापाचा धोंडा शोधत हिंडला. तीन नापास झाले, चौथा पसंत पडला.

शेवटची गाडी गेली होती, म्हणून मुक्काम तिथेच झाला. सकाळी बिराप्पा मेंढरं सोडायला निघाला, मी मागोमाग. आपण अगदीच अडाणी नाही हे त्याला कळावं म्हणून मी त्या उलट्या विजेची, म्हणजे प्रतिविद्युतचालक बलाची, व्याख्या सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि काट्यांच्या कुंपणाचं फाटक हातात धरलं.

"ह्ये बगा सर. आत दीडशे मेंढरं हायती. फाटक येकदम उघडलं तर समदी येकदम येत्यात. फाटक मोडतं, कोकरं चेंगरत्यात. म्हणून आदी एवढीच फट करायची." त्याने वीतभर फट केली, मेंढरं एकेक करून निघू लागली. "म्होरली चालाय लागली की मागली दमानं येत्यात. मग आनकी जरा उघडायचं. मग आनकी. शेवटाला पुरं. मधीच थांबायचं बी न्हाई, घाई बी करायची न्हाई. हँडल म्हंजी ह्येच."

मी फाटकापाशी उभा राहिलो. दीडशे मेंढरं माझ्या पायाला घासून गेली, आणि अकरा वर्षं मी जे बोलत होतो ते मला त्या दिवशी समजलं.

बिराप्पा मेंढरं भावावर टाकून माझ्याबरोबर वडूजला आला. पेटी त्याने मांडीवर ठेवली होती, कंडक्टरला हात लावू दिला नाही. घरात शिरला तो सरळ मोटारीपाशी. तिच्या अंगावरून हात फिरवला. मग फ्यूज उघडला.

"ह्यो दोरखंड कुनी घातला?"

लालासाहेब आभाळात ढग किती आहेत ते पाहू लागले.

पुढचे दोन दिवस घरात त्याचं राज्य होतं. मोटार सिमेंटच्या ओट्यावर चार बोल्टने आवळली. बटणं रॉकेलने धुऊन कानशीने घासली. मी डायोड नव्याने बसवले, तेवढंच काम मला मिळालं. लालासाहेब न सांगता सिमेंट कालवत होते. विजयमाला रोज बिराप्पाला ताज्या भाकरी करून वाढत होती आणि तो जेवताना तिला एकेक तार कशाची ते सांगत होता. मला कोणी सांगत नव्हतं. मला येतं असा समज अजून शिल्लक होता.

लग्नाला सात दिवस असताना, सकाळी, पुन्हा सगळे जमले. या वेळी नारळ कोणी आणला नाही. आधी मी हँडल धरलं. पहिल्या बटणावर मोटार हलली, दुसऱ्यावर गुरगुरली, आणि मला इतका आनंद झाला की मी सरळ शेवटाला हँडल ढकललं. ठिणग्या उडाल्या, दिवे मिणमिणले. बिराप्पाने घातलेली केसासारखी तार फ्यूजमध्ये टुक् करून वितळली. वस्तीतला एकही टीव्ही बंद पडला नाही.

"गडबड केली, सर," बिराप्पा म्हणाला. "मेंढरं चेंगरली." नवी तार घालून त्याने विजयमालाला पुढे बोलावलं. "वैनी, तुमी धरा बरं."

तिने पदर खोचला. हँडल पहिल्या बटणावर आणून थांबली. तिने कान मोटारीकडे केला होता. आवाज जरा चढला की पुढचं बटण, जरा चढला की पुढचं. भाकरी कधी उलटायची ते तव्याकडे न बघता ज्या बाईला कळतं तिला हे कळणारच. हँडल शेवटी पोचलं आणि चुंबकाने त्याला खट्कन धरून ठेवलं. मोटार एका सुरात गात होती. डावीकडे जरा कुरकुरत.

"जमलं!" बिराप्पा ओरडला. "पयल्या झटक्यात! मला म्हयना लागला हुता."

मला बी.एड.सकट अकरा वर्षं लागली होती, आणि अजून जमलं नव्हतं. पण मी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या.

तेवढ्यात, वेळापत्रकाप्रमाणे, लाइट गेली. मोटार मंदावली तशी चुंबकाची पकड सुटली आणि हँडल स्प्रिंगने आपोआप मागे, ठक्. दहा मिनिटांनी लाइट आली. मी दोन पावलं मागे सरलो. काही झालं नाही. हँडल सुरुवातीलाच होतं, मोटार शांत उभी. बिराप्पा म्हणाला, "लाइट गेली की त्ये सोता माघारी येतं. मानूस इसरंल, त्ये इसरत न्हाई." विजयमालाने पुन्हा हँडल हळूहळू वर नेलं, जणू ती जन्मापासून हेच करत आली होती.

मग रंगुबाईचं पोतं सुटलं. तिने पहिली ओंजळ स्वतः उखळीत टाकली. मुसळं धपाधप पडू लागली. रांगेत वस्तीतले डबे होते, धनगरवाड्यातले होते, आणि मागे पेठेतल्या दोघीतिघीही आल्या होत्या, कारण आवाज गावभर जात होता. विजयमालाने पाटी लावली नव्हती. डबे आले त्या क्रमाने ती घेत होती, एवढंच.

दुपारी बिराप्पा निघाला. मी पाकीट पुढे केलं. त्याने ते माझ्याच खिशात परत घातलं.

"पैसं नगंत, सर. म्या सा वरसं हुडकत हुतो, ह्या हातानं आता काय करावं म्हून. एक करा. पेटी हितंच ऱ्हाऊ द्या. म्या म्हयन्या-दोन म्हयन्यानं येत जाईन. एकदा हँडल वर न्यायला द्या, झालं."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आभार मानायची भाषा मला चांगली येते. कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी आभार मीच मानतो. पण "आपण" की "तुम्ही" इथेच माझी गाडी अडली. शेवटी मी त्याचा हात धरला.

आत डंकावर लवंगी मिरचीचा घाणा पडला असावा. तिखटाचा लोट दारातून बाहेर आला आणि सगळं अंगण शिंकू लागलं. रंगुबाई पदराने डोळे पुसत होती, लालासाहेब रुमालाने, रांगेतल्या बायका हाताला येईल त्याने. बिराप्पाने पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. माझा चष्मा धुक्याने भरला. विजयमाला दारात येऊन म्हणाली, "काय हो, मिरची लागली का?"

"लागली," आम्ही दोघं एकदमच म्हणालो.